मदत हवी आहे : कंट्रोल गटाचे (ज्यांना ताण दिलाच नाही ते) उंदीरच उदास झालेत, आता मेंदू काढू का?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात एम.फार्म. करतेय, विषय फार्माकॉलॉजी. डेझर्टेशनसाठी विस्टार जातीच्या उंदरांवर क्रॉनिक माइल्ड स्ट्रेस, म्हणजे बरेच आठवडे रोजचा सौम्य ताण, लावलाय, विलनर यांनी 1987 मध्ये मांडलेलं मॉडेल. कधी ओला भुसा, कधी तिरका पिंजरा, कधी रात्रभर दिवा. मग दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत 1 टक्का साखरेचं. साखरेची ओढ कमी झाली की उदासी आली असं धरायचं.

घोळ असा की चौथ्या आठवड्यापासून कंट्रोल गटानेही साखरेचं पाणी पिणं कमी केलंय. आधी वाटलं बाटली गळतेय. रिकाम्या पिंजऱ्याला लावून ठेवली, सकाळी वजनात जेमतेम 2 ग्रॅमची घट. मग ट्यूब पेटली. शेजारची सोसायटी पुनर्विकासाला गेलीये, दिवसभर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू, आणि अ‍ॅनिमल हाउसची भिंत त्याच बाजूला. हात लावला तर थरथर जाणवते. उंदीर झोपतात दिवसा! आमचा ताण राहिला बाजूला, हा फुकटातला ताण दोन्ही गटांना सारखाच.

गाइड म्हणतात, "हिप्पोकॅम्पस काढ, एचपीएलसीवर सिरोटोनिन बघ, फरक दिसेल." (हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा एक भाग, सिरोटोनिन हे मूडशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, आणि एचपीएलसी हे ते मोजायचं यंत्र.) मला पटत नाही. दोन्ही गट ताणात असतील तर फरक येणार कुठून? शिवाय एकटं सिरोटोनिनच का? अशा ताणाने बीडीएनएफ (मेंदूच्या पेशींना जगवणारं, वाढवणारं प्रथिन) उतरल्याचं कितीतरी प्रयोगांत दिसलंय. आणि डिप्रेशनवरची एसएसआरआय गोळी सिरोटोनिन काही तासांत वाढवते, पेशंटला बरं वाटायला मात्र आठवडे जातात, मग एकट्या सिरोटोनिनवरून काय ठरणार?

मेंदू एकदा काढला की परत फिरता येत नाही. आधी रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांचं ताणाचं हार्मोन, बघू का?

प्रतिसाद १ : आधी रक्तच. सगळ्यांचं सकाळी एकाच वेळी घ्या, संध्याकाळी कॉर्टिकोस्टेरॉन मुळातच चढलेलं असतं. पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण 3 मिनिटांत घ्या, नाहीतर तुमच्या हाताळणीचाच ताण मोजाल. प्रोटोकॉलमध्ये नसेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. आणि तुलनेला शांत खोलीतले नवे उंदीर लागतील, त्याशिवाय आकडा चढलाय हे कशावरून ठरवणार?

धागाकर्ती : धन्यवाद! शांत म्हणाल तर मागची स्टोअररूम आहे. पण एसी नाही.

प्रतिसाद १ : मग नको. ठाण्याच्या उकाड्यात तो उकाड्याचा ताण असलेला तिसरा गट होईल. ब्रेकर कधी बंद असतो ते वॉचमनला विचारा, आणि चालू असल्याचे तास आजपासून वहीत लिहा.