दुःखात देवाकडे तक्रार करावी, की आधी उपकार मानावेत?

पहाटवारा:
प्रार्थनासभेत शोकातल्या माणसाला हमखास सांगतात, ‘तक्रार नको, आधी उपकार आठवा.’ मला हा सल्ला घातक वाटतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. 13वं स्तोत्र अवघ्या सहा वचनांचं. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणी, शेवटी भरवसा. प्रार्थनेतही हाच क्रम धरा. ‘मन अशांत आहे’ असं मोघम बोलू नका. ‘मंगळवारी रिपोर्ट आला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही’ असं सांगा. मग एकच नेमकी मागणी. भरवशाचे शब्द आतून आले तरच बोला. ते पहिल्याच मिनिटाला ओढूनताणून आणले की दुखणं तोंडातच अडकतं, आणि हळूहळू माणूस प्रार्थनाच टाळायला लागतो.

दीपमाळ:
अजिबात पटलं नाही. मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांनी अरण्यात कुरकुर केली तेव्हा देवाचा कोप झाला, बायबलमधल्या गणना पुस्तकाचा 11वा अध्याय वाचा. उपदेशक हे पुस्तक (5:2) सांगतं, देवापुढे शब्द मोजकेच असावेत. सर्वस्व गमावल्यावर देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाचा दाखला सगळे देतात, पण त्याच्या पुस्तकात 38व्या अध्यायापासून देव त्यालाच उलटतपासणीला उभा करतो आणि शेवटी ईयोब आपले शब्द मागे घेतो, हे कोणी सांगत नाही. शिवाय तीच तक्रार रोज अर्धा तास उगाळली की तोंडी देवाचं नाव राहतं, पण माणूस स्वतःशीच बोलत बसलेला असतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात (4:6) मागणी आणि उपकारस्तुती एकत्रच आहेत.

पहाटवारा:
गणना 11 तुम्हीच काढलंत, तर पुरतं वाचू. लोक आपापल्या तंबूच्या दारात रडत होते. देवाकडे तोंड कोणी केलं? त्यांचा पुढारी मोशे याने. तो देवालाच म्हणतो, हा भार मला एकट्याला झेपत नाही, असंच वागवायचं असेल तर मला मारून टाक. एवढं बोलूनही त्याला शिक्षा नाही. भार वाटून घ्यायला 70 वडील मिळतात. एकाच अध्यायात दोन्ही आहे: कुरकुर देवाविषयी, विलाप देवापाशी.
आणि ईयोब 42:7? समजूत घालायला आलेल्या मित्रांपेक्षा ईयोबच यथार्थ बोलला, असं देव स्वतः म्हणतो. ते मित्र देवाची वकिली करत होते, पण त्यांच्यापैकी एकानेही देवाशी बोलल्याचं त्या संवादांत दिसत नाही.

ओंजळ:
उगाळण्याचा दीपमाळ यांचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे वेळ बांधून घेणे. दहा मिनिटं, हाताने लिहून, प्रत्येक वाक्य ‘तू’ला उद्देशून. चार ओळी सलग ‘तो असं वागला, ती तसं म्हणाली’ अशा झाल्या की समजावं, रोख देवाकडून माणसांकडे गेला. तिथे थांबून पुन्हा ‘प्रभू, तू’ने सुरुवात करावी. वाट पाहणं लांबलं तर मागणी तारीख घालून लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदाच उघडा. रोज उत्तर तपासत राहिलं की प्रार्थनेची हजेरीवही होते. हबक्कूक हा संदेष्टाही दोनदा तक्रार करून मग बुरुजावर जाऊन उभा राहतो. तिसरी तक्रार करत नाही.
88व्या स्तोत्राला शेवटी वळण नाही, हिब्रूत शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. म्हणजे भरवशाचं वाक्य न बोलता ‘आमेन’ म्हणायला हरकत नाही. पण कित्येक दिवस झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्या माणसाला हे स्तोत्र देऊन एकटं सोडू नका. कोणीतरी सोबत बसा आणि डॉक्टरांकडे न्या.

दीपमाळ:
मोशेचं मान्य, तो फरक माझ्या नजरेतून सुटला होता. तरी सभेत, नवख्या विश्वासणाऱ्यांसमोर, हे मोठ्याने बोलण्याला माझा विरोध कायम आहे. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, ती तिघा शिष्यांनाच जवळ ठेवून, आणि त्यांच्यापासूनही थोडं पुढे जाऊन.

पहाटवारा:
पण विलापाच्या कितीतरी स्तोत्रांवर ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचना आहे, 13व्यावर आणि 88व्यावरही. ती सगळ्यांनी मिळून गायची होती.