एजीपीएल: मुक्त परवाना की गळ्यातलं लोढणं?

लातूरचा_कोडवाला:
मोंढ्यातल्या दोन आडत दुकानांसाठी एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखालच्या एका बिलिंग प्रोग्रॅममध्ये बदल केला. सोयाबीनचं वजन टाकलं की हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी निघते. प्रोग्रॅम माझ्या सर्व्हरवर, दुकानदार ब्राउझरमधून वापरतात. आता एजीपीएलचं कलम १३ म्हणतं, नेटवरून वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड, द्या. साध्या जीपीएल परवान्यात प्रोग्रॅमची प्रत दिली तरच सोर्स द्यावा लागतो. मी प्रत कुणाला दिली? हव्या त्या कामाला चालवायची मुभा हे तर मुक्त सॉफ्टवेअरचं पहिलं स्वातंत्र्य. त्यालाच अट घातली, मग मुक्त कसलं?

नांदेडकर:
नुसतं चालवायला अट कुठंय? न बदलता चालवा, कलम १३ लागतच नाही. प्रत न देता सर्व्हरवरून धंदा करायची पळवाट होती, ती बुजवायलाच २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. आणि सोर्स गावाला वाटायचा नाही, त्या दोन दुकानदारांना द्यायचा.

लातूरचा_कोडवाला:
दुकानदार तो दुसऱ्याला देऊ शकतो की! उद्या कुणीतरी निम्म्या भावात तेच चालवणार.

नांदेडकर:
चालवू द्या. तुम्हीही फुकटातच उचललंय ना?

संभाजीनगरी:
दोघंही लहान माशांवर भांडताय. खरा डाव प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मूळ कंपनीचा. कॉपीराइट तिचाच, म्हणून कलम १३ तिला बांधत नाही. इतरांना त्याचीच भीती घालून ती पैशाचा परवाना विकते. मला हे खटकतं. पण म्हणून एजीपीएल मुक्त नाही म्हणणं चूक. मुक्त परवाने तपासणाऱ्या ओएसआय संस्थेची मान्यता आहे, डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमही असं सॉफ्टवेअर घेते. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीनं २०१८ मध्ये एसएसपीएल हा परवाना आणला, तो खरा अतिरेक. सेवा म्हणून विकायचं तर बॅकअप, देखरेखीच्या सॉफ्टवेअरचाही सोर्स द्या म्हणे! त्याला ओएसआयची मान्यता नाही. रेडिस या दुसऱ्या डेटाबेस कंपनीनं २०२४ मध्ये तीच वाट धरली आणि २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला.

लातूरचा_कोडवाला:
बरं, पानाच्या तळाला सोर्सची लिंक टाकतो. पण बाजारभाव आणणारी माझी स्क्रिप्ट देणार नाही. ती पूर्ण माझी.

नांदेडकर:
वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालते, की बिलिंगमध्येच इम्पोर्ट केलीय, म्हणजे त्याच्या कोडात जोडलीय? जोडली असेल तर तिचाही सोर्स मागता येईल.

लातूरचा_कोडवाला:
इम्पोर्ट. रविवारी वेगळी काढतो. कलम १३ मात्र अजून पटलेलं नाही.