किनाऱ्याचा फोटो टाकताना जागेचं नाव लिहावं का?

भरतीरेषा

गेल्या रविवारी पहाटे गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर होते. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि थंडीच्या दिवसांत त्यावर कुरव या समुद्रपक्ष्यांचा थवा विसावतो. तासभर ओल्या वाळूत पालथी पडून होते, तेव्हा कुठे पक्ष्यांनी माझी दखल घेणं सोडलं. तेवढ्यात एक जोडपं आलं, बरोबर दोन कॅमेरावाले. मुलीला थव्यात धावायला सांगितलं. थवा उठला, फोटो निघाला. मनासारखा आला नाही म्हणून पुन्हा. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा पक्षी खाली उतरलेच नाहीत, नदीपलीकडे गेले. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला ती विश्रांती म्हणजे चैन नसते; परतीच्या प्रवासाची चरबी तिथंच साठते.

जागा कशी कळली, असं विचारलं. एकानं मोबाईलवर कुणाचा तरी सुंदर फोटो दाखवला, खाली नेमक्या जागेचा पिन. तसे पिन मीही टाकलेत, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. परवा बसून सगळे काढून टाकले. माझं मत आता पक्कं आहे: पक्षी, कासवं आणि रेवे (किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या) यांच्या फोटोखाली तालुका लिहा, जागा लिहू नका. तुम्हाला काय वाटतं?

फोंड्याचा कॅमेरा

ताई, थवा उठवणाऱ्यांचा राग मलाही येतो. पण नाव लपवायला माझा ठाम विरोध आहे.

एक तर किनारा सगळ्यांचा. आपण पाहून आलो, आता बाकीच्यांनी पाहू नये, हे मला पटत नाही. दुसरं म्हणजे पुरावा. आश्वेच्या किनाऱ्यावर एकाच ठिकाणाहून मी बारा वर्षं फोटो काढतोय. पहिल्या फोटोत माणसाच्या उंचीचा रेवा आहे, त्यावर रावणाच्या मिशांचं गवत. आज तिथं सपाट वाळू आणि पलंगांच्या रांगा. तारीख आणि जागा नसती तर या फोटोंना कोण विचारणार? 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत रेवे आणि कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. तो नियम मोडला हे दाखवायला जागा सांगावीच लागते. तुमचा "पेडणे तालुका" तिथं काय कामाचा?

आणि किनाऱ्याची नासाडी ट्रायपॉडवाल्यांनी केली की रात्रभर जळणाऱ्या दिव्यांनी?

काणकोणची बाय

दिव्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझं माहेर गालजीबागचं. आमच्याकडे, आगोंदला आणि तिकडे मोरजी-मांद्रेला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. रात्री समुद्राकडचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्या उजेडाच्या रोखानं ती निघतात. मागे कुणी टॉर्च लावला की तोंड फिरवतात. माझ्या डोळ्यांसमोर झालंय हे. बोटभर पिल्लू, पाठीवर वाळू चिकटलेली, एका मोबाईलच्या उजेडामागे सुरूच्या झाडांकडे चाललं होतं. वनखात्याच्या रक्षकानं ओरडून तो उजेड बंद करायला लावला.

भाऊ, शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांचे दिवे वाईटच. पण ते वाईट म्हणून आपला मोबाईल चांगला होत नाही. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. वाघाच्या गुहेचा पत्ता कुणी जाहीर करतो का?

फोंड्याचा कॅमेरा

बाय, घरट्याचा पत्ता देऊ नये, हे मान्य. त्यावर वाद नाही. पण गालजीबागला कासवं येतात हे तर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, आणि लोकांना माहीत झालं म्हणूनच तिथं राखण बसली. माझा मुद्दा निसर्गचित्रांचा आहे. लाटा, खडक, आभाळ. त्यात काय लपवायचं?

भरतीरेषा

लाटा आणि खडक इतके साधे नाहीत, भाऊ. हणजुणच्या खडकांत ओहोटीला डबकी राहतात, त्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलं जगतात. शटर अर्धा मिनिट उघडं ठेवून पाणी धुक्यासारखं करायचं म्हणून माणसं त्या डबक्यांत बूट घालून उभी राहतात. रेव्यावर तर त्याहून वाईट. मर्यादवेल पाहिली असेलच, आपट्यासारखं पान, जांभळं फूल. पेरापेराला मुळं सोडून ती वाळू बांधून ठेवते. फुलं पुढे धरून सूर्यास्त घ्यायला दहा जण एकाच वाटेनं चढले की वेल तुटते, वाट उघडी पडते, आणि वारा तिथूनच रेवा उकरायला लागतो.

पर्रा गावचा माडांचा रस्ता आठवा. तिथं इतकी गर्दी उसळली की 2020 मध्ये पंचायतीनं फोटोसाठी पैसे घ्यायला सुरुवात केली, मग त्यावरून गदारोळ. तो डांबरी रस्ता होता. रेव्याला ती गर्दी झेपणार नाही.

पुराव्याचं मात्र तुमचं खरं आहे, ते माझ्या डोक्यात नव्हतं. मूळ फाईल जागेसकट, तारखेसकट जपून ठेवावी आणि तक्रारीसोबत अधिकाऱ्यांना द्यावी. चारचौघांत टाकताना तेवढा पिन काढावा.

रापणीचा दोर

आम्ही रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढणारे. पहाटे दोर हातात असताना लोक मधे येऊन उभे राहतात, कुणी कुणी तर दोरावर पाय देतात. पिन असो नसो, आधी विचारा. आणि चालायचंच असेल तर भरतीच्या रेषेखालून, ओल्या वाळूतून चाला. तिथला पाय पुढची भरती पुसून टाकते. वरच्या सुक्या वाळूत, वेलींत जाऊ नका. आमच्या आज्यानं आम्हाला हेच शिकवलं होतं.

फोंड्याचा कॅमेरा

बाबांचं म्हणणं मी पाळतो, आणि बरोबरच्या पोरांनाही सांगतो. पण पिन काढणार नाही. आश्वेचा तो रेवा फाईलीत पडून राहिला असता तर तो गेल्याचं गावालाही कळलं नसतं. मी जागा लिहिणार, आणि खाली हेही लिहिणार की इथं वेलीवर पाय देऊ नका.

काणकोणची बाय

लिहा. पण भाऊ, नोव्हेंबर ते मार्च रात्रीचे फोटो तरी जागेसकट टाकू नका. पिल्लू उजेडाकडे वळतं, तिथं तुमची सूचना वाचणारा कुणी नसतो.

फोंड्याचा कॅमेरा

ठीक. रात्रीचे नाही टाकणार.