अनुभव धागा : बजाज, चर्चगेट आणि आपली बॅच

वेळूचं_बेट
लेकीची एमबीएची सीईटी झाली, पर्सेंटाइल चांगले आलेत. कॉलेजांची यादी करायला बसली आणि सगळ्यात वर चर्चगेटचं जमनालाल बजाज, मुंबई विद्यापीठाची व्यवस्थापन संस्था, लिहिलं. ते बघितलं आणि मला 2005 आठवलं. मी तिथे अर्धवेळ एमएफएम (वित्त व्यवस्थापनाची पदवी) करत होते. दिवसा फोर्टात नोकरी, संध्याकाळी वर्ग.

26 जुलै, मंगळवार. आमच्या बाजूला पाऊस विशेष नव्हताच. कुलाब्याला 73 मिमी आणि सांताक्रूझला 944, हे आकडे नंतर कळले. गाड्या बंद आहेत एवढं माहीत होतं, होतील तासाभरात सुरू म्हणून वर्गावर आलो. मग कुठलं काय. मोबाइल लागेनात. चालू लँडलाइन एकच. ज्यांची मुलं लहान त्यांनी आधी फोन करायचे, हे कोणी न सांगता ठरलं. ही लेक तेव्हा दीड वर्षांची, कुर्ल्याला सासूबाईंकडे, तळमजल्यावर. मध्यरात्र उलटून गेल्यावर फोन लागला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दोघींना घरात घेतलं होतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. शिपाईकाकांनी चहा दिला. कुलाब्याची एक मैत्रीण भावाला घेऊन डबाभर पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन आली. बाकं जोडून झोपलो सगळे.

'सीईओ फॅक्टरी' म्हणतात त्या इमारतीला. अजय पिरामल, उदय कोटक, विनीता बाली, नितीन परांजपे, केवढी माणसं तिथून शिकून गेली, अभिमान वाटतोच. तितकाच अभिमान मला आमच्या त्या रात्रीच्या वर्गाचा आहे. त्या गटातल्या सगळ्यांनी डिग्री पूर्ण केली. एकीचं बाळंतपण मध्ये आलं, तिच्या नोट्स आम्ही आळीपाळीने लिहिल्या.

तुमचे अनुभव लिहा. बजाजच हवं असं नाही.

सातची_लोकल
26 जुलै!! मी अंधेरीला बसच्या टपावर होते गं. एका अनोळखी काकांनी हात धरून उतरवलं. कॉलेजचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

गिरणगाव
बजाजलाच पूर्णवेळ एमएमएस (व्यवस्थापनाची पदवी), 82 ते 84. 18 जानेवारी 82 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जूनमध्ये माझा प्रवेश. विद्यापीठाची फी होती म्हणून जमलं. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, घरी पगार नाही, गावाहून येणाऱ्या तांदळावर चाललेलं.

औद्योगिक संबंधांच्या तासाला संपाचीच चर्चा. एकजण म्हणाला, कामगारांना पगारवाढीची हाव सुटली. मी उठलो आणि घरचा महिन्याचा हिशेब सांगितला, वाण्याच्या उधारीसकट. सर म्हणाले, वडिलांना घेऊन ये.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. साचा कसा चालतो, बदली कामगार म्हणजे काय, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि काम नसेल तर परत फिरायचं, सगळं सांगितलं. आमच्या पुस्तकात 1946 चा कायदा होता, उद्योगात मान्यता एकाच संघटनेला. बाबा म्हणाले, आम्ही ज्यांना पुढारी मानतो त्यांना बोलणीला बसताच येत नाही, मग आम्ही काय करायचं? वर्गात गिरणी मालकांच्या नात्यातली मुलं होती. त्यातला एक बाबांना प्रश्न विचारत विचारत स्टेशनपर्यंत आला. पुढे दोन वर्षं त्याची पुस्तकं मी वापरली. विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि त्याने ते कधी बोलूनही दाखवलं नाही.

अडीच लाख माणसं होती हो संपात. बाबांना परत कामावर घेतलं नाही. मी पर्सोनेलमध्ये, म्हणजे आताच्या एचआरमध्ये गेलो, तो तास डोक्यात ठेवूनच.

चाफा
गिरणगाव काका, भरून आलं. बाबा आहेत?

गिरणगाव
नाहीत. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराचा अर्ज आईच्या नावाने आहे.

कोकणकन्या
आमचाही आहे काका! कागद तपासून झाले का तुमचे? माझ्या आजोबांचा गिरणीचा पास सापडत नाहीये, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड चालतं का?

गिरणगाव
आमच्या वेळी पाहिलं होतं कार्ड. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बालाघाट
पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, पुम्बा, 2007-09. मी लातूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. रूममेट दिल्लीची. ती रोज रात्री गच्चीवर माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायची आणि तिला मी मराठी शिकवायचे. माझी पहिली मुलाखत झाली तेव्हा ती दाराबाहेर उभी होती.

सप्टेंबर 2008 ला अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली आणि नोकरभरती सगळी थंडावली. एका कंपनीने दिलेल्या ऑफर परत घेतल्या. मग आमच्यातल्या ज्यांच्या घरचे धंदे होते त्यांनी आपणहून कॅम्पस मुलाखतींच्या यादीतून नावं काढली, बाकीच्यांना संधी मिळावी म्हणून. सीनियर्सना फोन लावायला जयकर ग्रंथालयाच्या बाहेर बसायचो, एकेकाकडे दहा-दहा नंबर. माझी नोकरी अशाच एका फोनने लागली. आता मी माझ्या कंपनीतून दरवर्षी तिथल्या मुलांच्या मुलाखती घ्यायला जाते, आणि मराठी माध्यमाचं मूल अडखळलं तर थांबते.

चाफा
शाब्बास गं. मैत्रिणीला मराठी आलं का?

बालाघाट
तिच्या सासरी कोल्हापूरला आता तीच सगळ्यात जास्त बोलते 😄

सातची_लोकल
आले परत. मी बजाजची नाही, शेजारच्या केसी कॉलेजची. पण चर्चगेटच्या के. रुस्तमच्या आइस्क्रीमच्या रांगेत तुम्हा सगळ्यांना पाहिलंय! दोन बिस्किटांमधला तो जाड तुकडा, वितळायच्या आत संपवायचा.

तुळसवृंदावन
वरती कोटकांचं नाव आलंय म्हणून. क्रिकेटची कांगा लीग खेळताना डोक्याला चेंडू लागला होता त्यांना, ऑपरेशन झालं, वर्ष गेलं. मग 1982 ला एमएमएस झाले. माझ्या मुलाचं यंदा आजारपणात वर्ष गेलंय, खोलीतून बाहेर येत नाही. त्याला हे सांगणार आहे.

बालाघाट
ताई, त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर कधीही. खरंच. व्यनि करा.

वेळूचं_बेट
ताई, माझ्या लेकीशीही बोलू दे, एकाच वयाची असतील. गिरणगाव काका, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने विचारलंय की बाबांनी आणखी काय सांगितलं त्या तासाला, सवडीने लिहाल का?

आणि एक विचारायचंच राहिलं. आम्ही आता डोंबिवलीला. पूर्णवेळ कोर्सला रोज ये-जा झेपते का, की तिला दादरच्या आसपास राहायला बघू? मुलींसाठी चांगली जागा माहीत असेल तर सांगा.