केकच्या डब्यासाठी कर्सिव्ह फॉन्ट सुचवा, नाव अवघड आहे!!

पोळपाट_लाटणं
नमस्कार मंडळी. घरून केक करते, आता ऑर्डरी बऱ्यापैकी येतायत म्हणून डब्यावर स्टिकर आणि पुढच्या खोलीच्या काचेवर नाव, असं दोन्ही करायचंय. नाव इंग्रजीत 'अपूर्वाज्' (स्पेलिंगमध्ये डबल ओ), आणि शाळेत चाररेघी वहीत हात न उचलता लिहायचो ना, तसं सलग हवंय. एकदा हौसेने कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये स्वतःच केलं, रेडियमवाल्याकडून कापून आणलं, तर काचेवर लावल्यावर बघते तर प्रत्येक अक्षराच्या जोडावर बारीक चिरा! वर सासूबाई विचारतायत, हे 'अपून्वा' का लिहिलंय? फुकटातला फॉन्ट असेल तर उत्तम. मराठीतही तसलाच कुठला मिळेल का?

जुना_जुळारी
ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. कर्सिव्हमध्ये बहुतेक अक्षरं खालच्या रेघेवर संपतात आणि तिथूनच पुढच्याला हात देतात, पण ओ, व्ही, डब्ल्यू, बी ही चार वरून सुटतात. आणि तुमच्या नावात बघा, पहिला ओ दुसऱ्या ओशी, मग दुसरा ओ आरशी, पुढे व्ही एशी, तीन सांधे वरचे! साध्या फॉन्टमध्ये अक्षराचं एकच रूप असतं, ते कुणाच्याही शेजारी तसंच येऊन बसतं, मग ओची शेपूट आरच्या मध्येच कुठेतरी घुसते आणि आरचा एन होतो. चांगल्या फॉन्टात शेजारी बघून अक्षराचं वेगळं रूप आपोआप येतं. लॉब्स्टर बघा, अर्जेंटिनाच्या पाब्लो इम्पालारीने 2010 ला केला, प्रत्येक अक्षर सगळ्यांशी जुळावं म्हणून वाकडंतिकडं करण्यापेक्षा त्याने एकेका अक्षराची बरीच रूपंच काढून ठेवली. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, धंद्यालाही चालतो. फक्त एवढा वापरला गेलाय की दर चौथ्या कॅफेवर दिसतो, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचो तेव्हा तर प्रत्येक अक्षराचा ठोकळा वेगळा, जरा कडा झिजली की जोडावर फट पडलीच. त्या जमान्यात 1953 ला फ्रान्सच्या रॉजर एक्सकोफोंने स्वतःच्या हस्ताक्षरावरून मिस्ट्राल काढला, खिळ्यांतून सलग लिहिल्यासारखा, माझ्या मते अजून त्याला तोड नाही. असो, विषयांतर झालं.

प्लॉटरदादा
मॅडम, चिरांचा दोष फॉन्टचा नाही हो. सलग फॉन्टात अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात, स्क्रीनवर सगळं एका रंगात म्हणून कळत नाही, पण ब्लेड बिचारं प्रत्येक अक्षराची कडा वेगवेगळी फिरतं आणि जोडाच्या आत कट मारतं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी कर्व करायचं (अक्षरांचे आकार बनवायचे) मग वेल्ड मारायचं (सगळे आकार एकत्र जोडायचे) आणि वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दिसतात तिथे, बघायचं, जोडावर आत एकही रेघ दिसता कामा नये. एक मिनिटाचं काम आहे, कापणाऱ्याने करायलाच हवं होतं. काचेला आतून लावणार असाल तर मिरर करून मागा. आणि सलग नाव आम्हालाही बरं पडतं, अख्खं एका तुकड्यात उचललं जातं, फक्त तो 'ज्'च्या आधीचा अपॉस्ट्रॉफी सुटा राहतो, पहिला तोच पडतो बघा.

हळदीकुंकू_डॉट_कॉम
लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य ठेव गं!! जरा वाढवलंस की सगळे हात सुटतात. आणि सगळं कॅपिटलमध्ये टाइप करू नकोस, कर्सिव्हची कॅपिटलं एकमेकांना जोडायला केलेलीच नसतात, वाचताच येत नाही. ग्रेट व्हाइब्स फॉन्टच्या मोहात पडू नकोस, पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छान दिसतो पण डब्यावरच्या दोन इंचाच्या स्टिकरवर त्याच्या केसाएवढ्या रेघा गायब. त्यापेक्षा पॅसिफिको, जाडजूड गुबगुबीत, केकला शोभतो. फोन नंबर आणि एगलेस वगैरे मात्र साध्या सरळ फॉन्टमध्ये.

बोरू_आणि_टाक
मराठीचं सांगतो. देवनागरी शिरोरेषेने वरून जोडलेली असते, खाली अक्षरं सुटीच, त्यामुळे इंग्रजीसारखी लपेट मिळत नाही. हाताने लिहिल्यासारखा हवा तर इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम घ्या, फुकट आहे. स्पेसिंग इथेही वाढवू नका, शिरोरेषा तुटून नावाला दात पडल्यासारखं दिसतं. खरी सलग मराठी म्हणजे मोडी! आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत पळायचं, वेग इतका की इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घसुद्धा ठेवलं नाही. 2014 पासून युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या लिप्यांच्या जागतिक यादीत) आहे, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट टाकून बघा.

प्लॉटरदादा
मोडीत छापलं तर गिऱ्हाईक केकचा डबा जमिनीचे कागद समजून वकिलाकडे नेईल 😄

पोळपाट_लाटणं
अपडेट देते. सगळे फॉन्ट नुसते बघण्यापेक्षा आपलंच नाव टाइप करून प्रिंट काढल्या आणि काही न सांगता सासूबाईंपुढे धरल्या. लॉब्स्टर पास. दर चौथ्या कॅफेवर असेना का, आमच्या गल्लीत कॅफेच नाही. वेल्ड करून घेतलं, एकही चीर नाही. डब्यावर खाली मराठी नाव कलममध्ये टाकलंय. प्लॉटरदादा, तुमचा शब्द मात्र खरा ठरला, काल काच पुसताना अपॉस्ट्रॉफी गेला, जास्तीचे चार कापून द्याल का?