मदत हवी आहे: ‘अवकाश’ या शब्दाचा मराठी पुरावा

बहुभाषिक शब्दसूचीसाठी ‘अवकाश’ची नोंद तयार करत आहे. संस्कृतात मूळ अर्थ मोकळी जागा, वाव, संधी. त्यातला एकेक धागा प्रत्येक भाषेने उचललेला दिसतो. हिंदीत अवकाश म्हणजे रजा, सुट्टी. निवृत्त माणूस ‘अवकाशप्राप्त’. बंगालीत फुरसत, कन्नड-तेलुगूत संधी. सगळ्यांत लांब गेली मल्याळम: तिथे ‘अवकाशम्’ म्हणजे हक्क! मानवी हक्क म्हणजे ‘मनुष्यावकाशम्’, माहितीचा अधिकार म्हणजे ‘विवरावकाशम्’. लिपी बदलून शब्द तसाच ठेवला की भाषांतर फसते ते इथेच.

अडचण मराठीची आहे. ‘परीक्षेला अजून अवकाश आहे’ यातला वेळ आणि ‘अवकाशयान’मधले अंतराळ, हे दोन अर्थ मला वेगळे नोंदवायचे आहेत. अंतराळ या अर्थाचे जुने छापील वाक्य कोणाकडे आहे का? 1957 च्या स्पुटनिकआधीचे मिळाले तर फारच उत्तम. पूर्ण वाक्य, प्रकाशनवर्ष, आवृत्ती आणि पानाचा फोटो द्यावा. पुनर्मुद्रणात शब्द बदललेले असतात, म्हणून आवृत्ती महत्त्वाची. नुसता कोशातला अर्थ नको. मल्याळम जाणणाऱ्यांनी ‘हक्क’ या अर्थाचा जुना दाखला दिला तर तोही हवाच आहे.