सहकुटुंब कॅम्पिंग: मुलांच्या लक्षात राहील असं तुम्ही काय करता? (सल्ला हवा)

दोन_पिशव्या:
मंडळी, पुढच्या महिन्यात तंबू घेऊन दोन रात्री बाहेर पडतोय. आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा आणि सासूबाई. याआधी दोनदा गेलोय. दोन्ही वेळा तंबू लागेपर्यंत नवरा घामाघूम, मी वैतागलेली आणि पोरं गाडीत मोबाइल घेऊन बसलेली. परत आल्यावर लेकीला विचारलं, काय आवडलं? म्हणाली, "येताना गाडीत झोप छान लागली."

माझ्या मैत्रिणीच्या मुलांना मात्र "आमच्याकडे कॅम्पला असंच करतात" म्हणून दहा गोष्टी सांगता येतात. आमच्याकडे तसं एकही नाही. यंदा नवऱ्याने तासातासाचं वेळापत्रक केलंय. सकाळी सव्वासातला 'निसर्गवाचन' आहे. म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येत नाही. मला वेळापत्रक नकोय. तुमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं, मुलांनी स्वतःहून धरून ठेवलेलं काय आहे ते सांगा. आणि सासूबाईंना (वय ७१, गुडघे दुखरे) तंबूत कसं झोपवायचं तेही.

शेवटचा_बाक:
वेळापत्रक तंबूखाली अंथरा, ओल कमी लागेल.

आता आजींचं. घडीची खाट घ्या, पण उंच. बसल्यावर गुडघे काटकोनात राहिले पाहिजेत, नाहीतर उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. खाट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खालून गार हवा खेळते. खाटेवर फोमची जाड चटई हवीच. नुसती हवा भरलेली गादी तर त्याहून वाईट, आतली हवा फिरत राहते आणि पाठ गारठते. आमच्या आईने एक रात्र त्यावर काढली आणि पुढची दोन वर्षं ऐकवलं.

त्यांची जागा दाराजवळ ठेवा, रात्री उठावं लागतं. आणि पाकिटावर 'चार माणसांसाठी' लिहिलेलं असेल तर ती चार माणसं काडेपेटीतल्या काड्यांसारखी झोपतात असं समजा. तुम्ही पाच जण आहात. दोन तंबू घ्या.

पावसाळी_आत्या:
सतरा वर्षं जातोय आम्ही. आधी भाचरं, मग माझी दोघं, आता भाच्यांची पोरं. त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते.

परंपरा ठरवून न्यायला गेलात की तिचा गृहपाठ होतो. आमच्याकडे टिकलंय ते सगळं कुठल्यातरी फजितीतून आलंय. पहिल्या वर्षी चार खुंट्या तिथेच विसरलो. दुसऱ्या वर्षी रात्री वारा सुटला, एक कोपरा सुटून फडफडायला लागला आणि आमचे हे पहाटे तीनपर्यंत दोरी हातात धरून बसले. तेव्हापासून सगळ्यांत धाकटं मूल म्हणजे 'खुंटीप्रमुख'. जाताना मोजायच्या, परतताना मोजायच्या, आकडा जुळल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. चार वर्षांच्या पोराचा हुकूम सत्तरीचे आजोबाही मानतात. पुढचं मूल मोठं झालं की पद त्याच्याकडे जातं, आणि आधीचं मूल पद सोडताना रडतं हेही ठरलेलं आहे!

यात महत्त्वाचं एवढंच की काम खरं हवं. मुलाने ते केलं नाही तर काहीतरी बिघडलं पाहिजे. "तू मला मदत कर हं" यातली लबाडी मुलांना लगेच कळते. सहा वर्षांच्या मुलाला खुंटी ठोकताही येते. खुंटीचं डोकं तंबूपासून लांबच्या बाजूला कलतं ठेवायचं, दोरीशी साधारण काटकोन. एकदा दाखवा आणि बाजूला व्हा. वाकडी ठोकली तर नवऱ्याला सांगा, गुपचूप सरळ करू नकोस.

दुसरी गोष्ट वही. दरवर्षी तीच. झोपण्याआधी प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं, पण फक्त काय चुकलं ते. 'खूप मजा आली' लिहायला बंदी. त्यामुळे आमच्या वहीत 'काकाने तंबू उलटा लावला, दार झुडपात उघडतं', 'बॅटरी आणली, सेल नाही', 'आत्या घोरत नाही म्हणते' असली रत्नं आहेत. शेवटचं कुणी लिहिलं ते अजून कबूल झालेलं नाही. निघायच्या आदल्या रात्री जुनी पानं मोठ्याने वाचतो. मोबाइल कुणी काढून घेत नाही, पण त्या तासात कुणाच्या हातात दिसतही नाही.

निम्मा_शहाणा:
आत्यांना अनुमोदन. आमच्याकडे 'अंधारपाळी' असते. पहिल्या रात्री सगळे दिवे, सगळे मोबाइल बंद करून अर्धा तास पडून राहायचं. डोळे अंधाराला नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मध्ये कुणी पांढरा उजेड पाडला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बॅटरीला लाल जिलेटिन कागद बांधतो, लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. उजेड पाडणाऱ्याने दुसऱ्या दिवशी भांडी घासायची. माझ्या वाट्याला चारदा आलीत.

उत्तर गोलार्धात असाल आणि सप्तर्षी वर आले असतील तर लेकीला ध्रुव शोधायला लावा. चौकोनाच्या टोकाचे दोन तारे पुलह आणि क्रतु. पुलहाकडून क्रतुकडे रेघ काढून, त्या दोघांमधल्या अंतराच्या साधारण पाचपट पुढे गेलं की ध्रुव. पहिल्यांदा स्वतः सापडला की पोरं पुढच्या वेळी आपल्याला शिकवतात. तारखा हातात असतील तर उल्कावर्षाव बघून ठरवा. ययाती तारकासमूहातला १२-१३ ऑगस्टच्या आसपास, मिथुन राशीतला १३-१४ डिसेंबरला. मात्र चंद्र किती आहे ते आधी पाहा. आम्ही एकदा भर पौर्णिमेला गेलो आणि तीन तासांत दोन उल्का दिसल्या. त्यातली एक विमान होती.

उलटी_टोपी:
इतकं लिहिलंत आणि शेकोटी कुणाच्याच यादीत नाही? शेकोटीशिवाय कॅम्प म्हणजे गच्चीवर झोपणं.

पावसाळी_आत्या:
टोपी, परवानगी असेल तिथेच आणि वारा नसेल तरच. आमच्याकडे पेटवण्याचं कौतुक नसतं, विझवण्याचं असतं. एकदा राख थंड दिसते म्हणून तसेच झोपलो. सकाळी भाचीने काडीने उकरलं तर आत लालभडक निखारा. आता पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा पाणी, आणि शेवटी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागत नाही ना ते थोरल्याने पाहायचं. त्याने 'गार!' म्हणून ओरडल्याशिवाय कुणी झोपायला जात नाही.

आणि कितीही थंडी-पाऊस असो, निखारे किंवा स्टोव्ह तंबूच्या आत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही. यावर चर्चा नको.

उलटी_टोपी:
शेवटच्या ओळीशी सहमत. गच्चीचं वाक्य मात्र मागे घेत नाही.

दोन_पिशव्या:
बाप रे, किती छान लिहिताय! खुंट्या आणि वही पक्की. पाऊस आला तर काय करायचं? नवऱ्याने 'पर्यायी वेळापत्रक' काढलंय.

शेवटचा_बाक:
नुसता पाऊस असेल तर तंबूत पत्ते. विजा असतील तर तंबू सोडा आणि बंद गाडीत बसा. वीज दिसल्यापासून गडगडाट होईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. आमची मुलं हे मोजायला मिळावं म्हणून पावसाची वाट बघतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मात्र बाहेर पडायचं नाही. आणि सकाळी तंबू आतून ओला दिसला तर गळतोय म्हणून घाबरू नका, तो बहुतेक तुमचाच श्वास असतो. वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा.

जागा_कुणाची:
आजींना एक काम द्या. १८९७ मध्ये एमॉस डॉल्बेअर नावाच्या शास्त्रज्ञाने रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्र मांडलं. सोपं रूप असं: ८ सेकंदांतली किरकिर मोजा, त्यात ५ मिळवा, अंदाजे सेल्सिअस येतं. किड्याच्या जातीप्रमाणे चुकतं, म्हणून आमच्याकडे आजी विरुद्ध थर्मामीटर अशी पैज असते. आजी अंगाला लागणाऱ्या गारव्यावरून सांगते. किड्यापेक्षा तीच जास्त वेळा जिंकते.

दोन_पिशव्या:
जाऊन आलो! थोडक्यात वृत्तांत.

उंच खाट आणि चटई, सासूबाई खूष. अंधारपाळी १२ मिनिटं टिकली, मग मुलाला सू आली. ध्रुव लेकीला सापडला, मला अजून नाही. रातकिड्याच्या हिशोबाने ३१ अंश होते आणि आम्ही स्वेटर घालून बसलो होतो. निसर्गवाचन रद्द.

निघताना खुंटीप्रमुखांनी मोजणी केली. नेल्या १४, भरल्या १३. नवरा म्हणाला, जाऊ दे, नवी घेऊ, उशीर होतोय. प्रमुख गाडीच्या दारात हाताची घडी घालून उभे. पाऊण तास आम्ही चौघं गवतात वाकून शोधत होतो आणि नवरा घड्याळ बघत कडेला उभा होता. शेवटी गाडीची किल्ली काढायला त्याने खिशात हात घातला.

वहीत त्या दिवशी चौघांनी एकच वाक्य लिहिलं. सासूबाईंचं अक्षर सगळ्यांत मोठं आहे: 'खुंटी चिरंजीवांच्या खिशात.' चिरंजीवांनी खाली लिहिलंय, 'वेळ: १०.४५.'